एचएसजीचा ७४७४० 'डुप्लिकेट' म्हणून परत येतोय

जुळे सोलापूर
अमेरिकेतल्या फर्टिलिटी क्लिनिकचं कोडिंग, म्हणजे विमा क्लेमसाठी प्रोसिजर आणि निदानांना ठरलेले कोड लावणं, सोलापुरातून करतो. डॉक्टर एचएसजी (गर्भाशयात डाय सोडून नळ्यांचा एक्स-रे) हॉस्पिटलच्या फ्लुरोस्कोपी रूममध्ये करतात. आम्ही ५८३४० आणि ७४७४० लावतो, डायग्नोसिस एन९७.१. पहिला पास होतो, दुसरा डुप्लिकेट म्हणून नाकारतात. मॉडिफायर ५९ (कोडमागे जोडायची 'ही वेगळी प्रोसिजर आहे' अशी खूण) लावू का?

पार्क चौक
५९ अजिबात नको, दादा. मशीन कुणाचं आणि रिपोर्ट कुणी लिहिला, हे आधी बघा.
५८३४० म्हणजे कॅथेटर घालून डाय सोडणं, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. ७४७४० म्हणजे एक्स-रेचा भाग, आणि त्यात दोन वाटे असतात. मशीन, टेक्निशियन, रूम हा वाटा हॉस्पिटलचा. तुम्ही मॉडिफायर न लावता पाठवता, म्हणजे त्यांचाही वाटा मागता. डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिला असेल तर ७४७४०-२६ (२६ म्हणजे फक्त दुसरा वाटा, एक्स-रे वाचून रिपोर्ट लिहिण्याचा), पीओएस २२ (जागेचा कोड: हॉस्पिटलची ओपीडी).
पण रिपोर्ट सहीचा आणि पूर्ण हवा: गर्भाशयाची पोकळी, उजवी नळी, डावी नळी, डाय पोटात सांडला की नाही. प्रोसिजर नोटमधल्या 'ट्यूब्स ओपन' एवढ्यावर २६ टिकत नाही. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचा असेल तर २६ त्यांचा. तुम्ही फक्त ५८३४० पाठवायचा. मशीन क्लिनिकचंच असेल आणि रिपोर्टही तिथलाच, तर मॉडिफायर नको.

होटगी रोड
एन९७.१ सरसकट लावताय का? तो नळीमुळे आलेल्या वंध्यत्वाचा कोड. ऑर्डरवर 'ट्यूबल ब्लॉकचा संशय' लिहिलंय म्हणून लावता येत नाही, ओपीडीत संशय कोड करत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला तर झेड३१.४१, म्हणजे फर्टिलिटीची तपासणी. हायड्रोसॅल्पिंक्स (पाणी साठून फुगलेली नळी) निघाला तर एन७०.११. हे जपायलाच हवं, कारण चुकीचं निदान त्या बाईच्या रेकॉर्डवर कायमचं बसतं. शिवाय काही प्लॅन तपासणीचे पैसे देतात, उपचाराचे नाही. बेनिफिट आधी तपासा.

नवी पेठ
सर्व्हिक्स अरुंद, कॅथेटर गेलंच नाही, डॉक्टरांनी मध्येच थांबवलं तर ५८३४०-५३ (५३ म्हणजे अर्धवट थांबवलेली प्रोसिजर). फिल्मच नाही तर ७४७४० नाही. सलाईन सोनोग्राफीला ५८३४० तोच, जोडीला ७६८३१.
इथल्या पेशंटच्या मेडिक्लेमला यातलं काही लावू नका. तिथे वंध्यत्व आयआरडीएआयच्या (भारतातील विमा नियामक) एक्सक्लुजन १७ मध्ये, म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांत येतं.

जुळे सोलापूर
फाईल उघडली. सही रेडिओलॉजिस्टची आहे. ७४७४० काढून दुरुस्त क्लेम पाठवतो.

पार्क चौक
आधीचे पास झालेलेही बघा. त्यात ७४७४० चे पैसे आले असतील तर परत करावे लागतील.