ॲम्पच्या लूपमध्ये सॉनिक मॅक्सिमायझर: टोन खरंच सुधारतो, की नुसता ट्रेबल वाढतो?

खर्जातला

तीन आठवडे झाले, ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधला सेंड-रिटर्नचा जोड, जिथे बाहेरचं यंत्र लावता येतं) बीबीई ४८२आय हा सॉनिक मॅक्सिमायझर बसवलाय आणि आता मी तो काढत नाही. भांडायचं असेल तर या.

माझ्याकडे ५० वॉटचा व्हॉल्व्हवाला हेड, म्हणजे बिनस्पीकरचा ॲम्प, खाली चार बारा-इंची स्पीकरचं कॅबिनेट. गेन (आवाज फाटेपर्यंत, म्हणजे डिस्टॉर्शनपर्यंत, सिग्नल चढवणारी खुंटी) वाढवला की खालच्या दोन तारांचा नुसता लगदा. पाम-म्यूट केलं, म्हणजे तळव्याने तारा दाबून वाजवलं, की 'धप्' यायच्या जागी 'भुप्प'. ट्रेबल वाढवावा तर पहिली तार कानात घुसते आणि सहावी तशीच बोदी. मावसभाऊ अमेरिकेहून परत आला तो सामानात हा जुना रॅक घेऊन. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पातळ काळा डबा, दोन चॅनेल, प्रत्येकाला कामाच्या खुंट्या दोनच, लो कॉन्टूर आणि प्रोसेस. ११० व्होल्टवर चालतो, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तो हेडच्याच डोक्यावर ठेवलाय, खोलीत दुसरी जागा नाही.

सेंडमधून त्यात, त्यातून रिटर्नला. खुंट्या घड्याळाच्या काट्यासारख्या धरल्या तर प्रोसेस दोन वाजता, लो कॉन्टूर अकरा वाजता. आमच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात पाऊल टाकताच ती म्हणाली होती, "अगंबाई, भिंतीला एवढे पोपडे कधी आले?" तसंच झालं. बोटं तारेवर सरकतात तेही ऐकू यायला लागलं.

माझं म्हणणं एवढंच, की पिकअप बदला, स्पीकर बदला या खर्चात पडण्याआधी हे करून बघा. जुना मिळाला तर त्यात पैसा वसूल आहे.

तिरकस_तार

पोपडे दिसले हे खरं, पण ते भिंतीवर होते की तुमच्या डब्याने काढले?

तुम्ही बायपासचं, म्हणजे यंत्राचा परिणाम बंद करायचं, बटण दाबून-सोडून ऐकलं असणार. प्रोसेस दोन वाजता म्हणजे वरची टोकं चढलेली, लो कॉन्टूर म्हणजे खालचं टोक चढलेलं. एकूण आवाजच मोठा झाला. आणि मोठा आवाज माणसाला कायम 'चांगला' वाटतो. आवाज लहान-मोठा झाला की कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी-जास्त ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ सालीच आलेख काढून दाखवलंय. बाजारातली निम्मी पेडलं त्या आलेखावर जगतात. हे मात्र माझं मत.

खरा रोग मधल्या स्वरांत आहे. गेन वाढला की २०० ते ४०० हर्ट्झमध्ये चिखल साठतो. बॉसचा साधा जीई-७ इक्वलायझर पेडल लूपमध्ये लावा, ४०० ची पट्टी थोडी खाली, ३.२ किलोहर्ट्झची थोडी वर. सात पट्ट्या आहेत, प्रत्येकीत १५ डेसिबलपर्यंत वर-खाली. कुठे काय वाढवलं ते डोळ्यांना दिसतं. तुमच्या डब्यात दोन खुंट्या आणि बाकी सगळा विश्वासाचा मामला.

मंडपातला_गिटारवाला

मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय, म्हणून जरा वेगळं सांगतो.

आम्हाला स्वतःचा ॲम्प नेणं परवडत नाही. साउंडवाला देईल तो. कधी चांगला, कधी कोन फाटलेला, कधी तर गिटार सरळ मिक्सरमध्ये. पिशवीत याच कंपनीचं छोटं पेडल आहे, सॉनिक स्टॉम्प. अनोळखी ॲम्प मिळाला की सगळ्यात शेवटी ते लावतो आणि मंडपाच्या मागच्या खुर्चीपर्यंत तुकडा पोचतो. तिरकसराव, इक्वलायझर मीही वापरलाय. पण त्याची पट्टी जिथे ठेवली तिथेच राहते. हळू वाजवा की जोरात, तेवढंच वाढणार. हे यंत्र आत येणाऱ्या सिग्नलकडे बघून वरचे स्वर कमी-जास्त करतं. लावणीच्या ठेक्यावर हलकी छेड घेतली तर वेगळं, शेवटच्या तिहाईला जोर दिला तर वेगळं. हा फरक बोटांना कळतो, कागदावर नाही दाखवता येत.

एक सावधगिरी: सरळ मिक्सरमध्ये असाल तर प्रोसेस अगदी थोडं. गिटारचा स्पीकर वरचा कचरा स्वतःच गाळतो, पीएचा, म्हणजे मंडपातला मोठा, स्पीकर गाळत नाही. नाहीतर डिस्टॉर्शनचा आवाज कढईत मोहरी तडतडल्यासारखा येतो.

अर्धा_सोल्डर

दोघेही अर्धे बरोबर. या यंत्रात नेमकं काय होतं ते कोणीच लिहिलेलं नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

बीबीई हे नाव 'बार्कस-बेरी इलेक्ट्रॉनिक्स'वरून आलंय. व्हायोलिनसारख्या वाद्यांना पिझो पिकअप लावणारे तेच बार्कस-बेरी. कंपनीचा दावा असा: स्पीकरमध्ये वरचे स्वर खालच्या स्वरांच्या मागे पडतात, त्यामुळे ठोक्याची धार बोथट होते. म्हणून यंत्र आधीच उलटी सोय करून ठेवतं. खालचे स्वर सुमारे अडीच मिलिसेकंद उशिरा सोडायचे, मधले अर्धा मिलिसेकंद, वरचे जवळजवळ लगेच. त्यावर ते सिग्नलप्रमाणे वरचे स्वर उचलणं, जे मंडपातल्या दादांनी सांगितलं.

आता अडीच मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज तेवढ्या वेळात साधारण ८५ सेंटिमीटर जातो. म्हणजे खर्ज वाजवणारा माणूस एक पाऊल मागे सरकला, एवढंच. घरच्या हायफाय स्पीकरमध्ये खालच्या स्वरांचा वूफर वेगळा, वरच्यांचा ट्वीटर वेगळा, मध्ये दोघांना स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर असतो. तिथे असल्या दुरुस्तीला काही अर्थ असेल. गिटारच्या कॅबिनेटमध्ये क्रॉसओव्हर असतो कुठे? एकच प्रकारचा स्पीकर सगळं वाजवतो. आणि तो तरी किती वाजवतो? सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा गिटार स्पीकर घ्या, त्याचा पल्ला ७० ते ५००० हर्ट्झ. म्हणजे प्रोसेसने वर जे काही उजळवलं, त्यातलं बरंचसं स्पीकरच खाऊन टाकतो. उरतं ते ३ ते ५ किलोहर्ट्झमधलं, जिथे पिकचा आघात असतो. धागाकर्त्यांना बोटं ऐकू येतात ती तिथली.

लो कॉन्टूरबद्दल तर बोलायलाच नको. त्याचा जोर ५० हर्ट्झच्या आसपास. आपल्या सहाव्या तारेचा मोकळा स्वर ८२ हर्ट्झ. म्हणजे जो स्वर गिटारमध्ये नाहीच, तो वाढवायची खुंटी! पाम-म्यूटचा धक्का तेवढा फुगतो आणि बास वाजवणाऱ्याची जागा खाल्ली जाते.

जागेबाबत मात्र खर्जातला यांना पूर्ण गुण. गेनच्या आधी लावलं असतं तर उजळलेला भाग डिस्टॉर्शनमध्ये दळला जाऊन नुसती खरखर वाढली असती. लूपमध्येच योग्य. एक शंका: क्लिपचा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा लागतो का? रॅकची यंत्रं आणि गिटार ॲम्पचे लूप यांच्या सिग्नलच्या पातळ्या नेहमी जुळतातच असं नाही.

मिरजकर_तंबोरा

गिटारशी माझा संबंध मुलामुळे, पण हे वाचून राहवलं नाही. याला आमच्याकडे जवारी म्हणतात हो! तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा जीव सरकवला की तोच षड्ज एकदम उघडतो, त्यातून गंधार ऐकू यायला लागतो. तार तीच, खुंटी तीच. घोडी तासायला कारागीर अख्खी दुपार घालवतो. तुमचा डबा तेच विजेवर करतो असं समजू का?

अर्धा_सोल्डर

काका, उपमा सुंदर आहे, पण ती याच्या चुलतभावाला लागू पडते. अफेक्स कंपनीचा ऑरल एक्सायटर म्हणून यंत्र होतं, १९७० च्या दशकातलं. ते वरच्या स्वरांचा थोडा भाग बाजूला काढून त्यातून नवे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे उपस्वर) तयार करायचं आणि मूळ आवाजात चिमूटभर मिसळायचं. सुरुवातीला विकतच नव्हते, स्टुडिओला भाड्याने द्यायचे, तयार रेकॉर्डिंगच्या मिनिटाला ३० डॉलर! ती झाली जवारी, नसलेलं जन्माला घालणारी. सॉनिक मॅक्सिमायझर नवीन काही जन्माला घालत नाही, आहे त्यालाच पुढे-मागे आणि कमी-जास्त करतो.

आणि गंमत बघा, डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारीत हार्मोनिक आधीच रग्गड. तिथे आणखी जवारी म्हणजे मिसळीवर तर्री ओतून झाल्यावर वरून लाल तिखट.

तिरकस_तार

म्हणजे दोन खुंट्यांपैकी एक गिटारसाठी निकामी, दुसरीचं अर्धं काम स्पीकर गिळतो. माझा मुद्दा सिद्ध झाला, आभारी आहे.

मंडपातला_गिटारवाला

सिद्ध बिद्ध काही नाही. अर्धं काम उरतं ना? आमच्या धंद्यात त्याच अर्ध्याचे पैसे मिळतात. तुम्ही एकदा विसर्जनाच्या आदल्या रात्री, शेजारी दोन कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असताना गिटार ऐकवून दाखवा, मग पट्ट्यांवर बोलू.

खर्जातला

काल रिहर्सलला प्रयोग केला. फोनवरचं डेसिबल मोजायचं ॲप स्पीकरपासून तीन पावलांवर ठेवलं. आधी जसं होतं तसं. ड्रमरला भिंतीकडे तोंड करून बसवलं, मी एकच रिफ वाजवतोय, बासवाला बायपास दाबतोय. ड्रमर दर वेळी ओळखायचा, आणि 'लावलेलं'च चांगलं म्हणायचा.

मग मापलं. लावल्यावर आवाज तीन-साडेतीन डेसिबल जास्त भरत होता. तिरकसराव, हे तुमच्या खात्यात. व्हॉल्यूम उतरवून दोन्ही समान केले आणि पुन्हा वाजवलं. मोकळ्या कॉर्डवर पठ्ठ्या साफ गोंधळला. एकदा तर बायपासवर असताना म्हणाला, "हां, आता कसं उघडलं!" बासवाला हसून खाली बसला. पण पाम-म्यूटवर मात्र तो एकदाही चुकला नाही. तिथे धार खरोखर येते. मी स्वतः डोळे मिटून ऐकलं, 'भुप्प' आणि 'धप्' हा फरक समान आवाजातही टिकतो.

लो कॉन्टूर शून्यावर नेला. बासवाल्याने लगेच अंगठा दाखवला, म्हणाला तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझं मला ऐकू आलं. (हे त्याने तीन आठवडे पोटात ठेवलं, धन्य आहे.) प्रोसेस दोनवरून साडेअकरावर आला. क्लिपचा दिवा आघाताला लुकलुकत होता, प्रीॲम्पचा मास्टर उतरवला तेव्हा थांबला.

तेव्हा 'स्पीकर बदलण्याआधी हे करा' हे माझं वाक्य मागे घेतो. 'काढणार नाही' हे घेत नाही.

तिरकस_तार

प्रामाणिकपणाला दाद. पण प्रयोग अर्धाच झालाय. तिसरा पर्याय म्हणून जीई-७ लावून, तोही समान आवाजात, त्याच ड्रमरला ऐकवा. पाम-म्यूटची ती धार ३.२ च्या पट्टीतून येत नसेल तर मी मान्य करेन. माझा पेडल देतो, नेऊन परत करा.

खर्जातला

घेतो. शनिवारी.

जाता जाता एक: डबा लावल्यापासून मागे एक सतत घुंsss चालू आहे, गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी. सुस्कारा नाही, जाड घरघर. प्रोसेस कमी केली तरी जात नाही. ही बीबीईची खोड की माझ्या जुन्या नगाची?

अर्धा_सोल्डर

बायपास केल्यावरही येते ना?

खर्जातला

हो, तेव्हाही.

अर्धा_सोल्डर

पहिल्या पोस्टमध्ये काय लिहिलंय तुम्ही? ट्रान्सफॉर्मर हेडच्या डोक्यावर ठेवलाय. खाली प्रीॲम्प. तो उचला आणि लांब जमिनीवर ठेवा आधी.

खर्जातला

...गेली.