आईच्या मालिकेला सोबत हवी आहे. कसं जमवावं?

लेक, मांजलपूर (बडोदा):
दांडिया बाजारातलं आमचं भाड्याचं घर गेल्या दिवाळीत सोडलं आणि आईला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. आई ७९ वर्षांची. तब्येत ठणठणीत, फक्त ऐकायला थोडं कमी येतं. संध्याकाळी साडेसातला तिची मराठी मालिका असते. मला घरी यायला साडेआठ होतात, तोवर ती गप्प बसून असते. परवा म्हणाली, "बघून झाल्यावर बोलायचं कोणाशी?" तेव्हापासून मला चैन नाही.

कारण मला वाड्यातली आमची माडी आठवते. १९८७ साली तिथे टीव्ही फक्त आमच्याकडे. रविवारी साडेनऊला 'रामायण' असायचं आणि नऊपासूनच जिन्यात चपलांची रांग. आई टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल काढून घडी करायची, उदबत्ती लावायची, दोन लिटर दुधाचा चहा टाकायची. कप ज्याने त्याने आपला आणायचा. खालच्या काकूंशी नळाच्या पाण्यावरून अबोला होता, चांगला दोन वर्षांचा. त्या यायच्या, पण दाराशी बसायच्या, आईकडे न बघता.

लक्ष्मणाला शक्ती लागते त्या रविवारी ऐन वेळी लाइट गेली. काकूंचा मुलगा सायकल काढून राजमहाल रोडला आत्याकडे पळाला, तिकडे लाइट होती. परत आला तो जिन्यातच सांगायला लागला आणि आम्ही सगळे पायऱ्यांवर बसून ऐकत होतो. आईने त्याला पाणी दिलं आणि काकूंना विचारलं, "हनुमान निघाला का हो?" सांगत होता मुलगा, पण तिने विचारलं काकूंना. काकू म्हणाल्या, "निघाला म्हणतोय." पुढच्या रविवारी त्या आत येऊन बसल्या.

इथे सोळा फ्लॅट आहेत, मराठी घरं दोनच, बाकी गुजराती. कोणाला बोलवावं, काय लावावं? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सांगा.

इंदूरकर मावशी, लोकमान्य नगर:
आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही चौघी दोन वर्षं बघतोय, म्हणून अनुभवाचं सांगते. खाणं ठेवू नका. आमचं पहिल्यांदा त्यानेच मोडलं. एकीने पोहे केले, दुसरीने कचोऱ्या आणल्या, तिसरीला वाटलं आपल्याच्याने एवढं होणार नाही, आणि तिने येणंच सोडलं. आता फक्त पाण्याचा तांब्या असतो. आणि मालिका संपली की टीव्ही लगेच बंद करा. चालू राहिला तर पुढची मालिका सुरू होते आणि बोलायचं राहून जातं. खरी गंमत त्या नंतरच्या वीस मिनिटांत आहे. मालिकेतल्या नायिकेच्या वागण्यावरून आम्ही कडाकडा भांडतो!
आईंना कमी ऐकू येतं ना? मग आवाज वाढवण्यापेक्षा त्यांची खुर्ची टीव्हीजवळ घ्या, नाहीतर बाकीच्यांचं डोकं उठतं.

जुना बडोदेकर, वाडी:
ताई, शेजारी गुजराती असतील तर 'रामायण'च पुन्हा लावा. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, भाषेची अडचण नाही, दोन दिवस चुकले तरी कोणी मागे पडत नाही. शूटिंगही आपल्या गुजरातेतलंच, उमरगावचं. एकूण ७८ भाग आहेत, आठवड्याला दोन बघितले तरी नऊ महिने जातील.
त्या मालिकेने आपल्या गावाला किती वेड लावलं होतं ते मी पाहिलंय. १९९१ मध्ये सीतेचं काम केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातूनच लोकसभेवर निवडून गेल्या. त्या प्रचाराला आल्या तेव्हा माझी आई खण-नारळ घेऊन भर उन्हात उभी होती. तिच्यासाठी निवडणूक नव्हतीच, घरी आलेल्या सीतेची ओटी भरायची होती. मालिकेतले रावण, अरविंद त्रिवेदी, त्याच वर्षी साबरकांठ्यातून निवडून आले.

सून, ग्वाल्हेर:
आधी आईंना विचारलंत का? माझ्या सासूबाईंसाठी मी दहा जणी जमवल्या होत्या. त्या स्वतःच आतल्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांना एकच माणूस हवं होतं, रोजचं.

लेक, मांजलपूर (बडोदा):
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्वाल्हेरच्या ताई, तुमचं वाचलं आणि त्याच रात्री विचारलं. आई म्हणाली, "गर्दी नको गं. समोरच्या बेन येतील का बघ."

बेन साठीच्या आहेत, नडियादजवळच्या खेड्यातल्या. मी विचारायला गेले तर त्याच सांगायला लागल्या. १९७५ मध्ये जवळच्या पीज गावचं टीव्ही केंद्र सुरू झालं, त्यानंतर त्यांच्या गावात सामायिक टीव्ही आला होता. संध्याकाळी सारं गाव त्यासमोर जमायचं, त्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभ्या राहायच्या. "एकटीने टीव्ही बघायची सवय मला अजून लागली नाही," म्हणाल्या.

सोमवारपासून येतात. 'रामायण' रविवारी लावणार आहोत, पण रोज आईची मराठी मालिकाच. बेनना मराठी अर्धंमुर्धं कळतं. "मासी, आ केम रडे छे?" असं त्या विचारतात आणि आई गुजरातीत पहिल्यापासून सगळं सांगत बसते, त्या नादात पुढचा संवाद दोघींचाही हुकतो. खुर्ची मी टीव्हीजवळ सरकवली होती, आईने ती परत बेनच्या शेजारी ओढली.

काल पावणेआठला ऑफिसातून फोन केला तर आईने उचलला नाही. मी घाबरून बेनना लावला. "चालु छे, पछी करजो," म्हणाल्या आणि ठेवून दिला.