पाहुण्यांच्या खोलीसाठी सोफा-कम-बेड निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न

आमच्या घरातील १० बाय ११ फुटांची एक खोली एरवी अभ्यासासाठी वापरली जाते आणि पाहुणे आले की तीच त्यांची झोपण्याची खोली होते. तिथे कायमचा पलंग टाकला तर टेबलाला जागा उरत नाही, म्हणून सोफा-कम-बेड घ्यायचे ठरवले आहे. माझे सासू-सासरे राहायला येतात तेव्हा चांगले आठ-दहा दिवस राहतात. सासऱ्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे आणि रात्री त्यांना एक-दोनदा उठावे लागते. खोली देखणी दिसावी असे मला वाटते, पण त्यापायी त्यांची झोप बिघडलेली चालणार नाही. पाठ आडवी पाडायचा प्रकार घ्यावा की बैठकीखालून पलंग ओढून काढायचा? फोम आणि कापड यांविषयीही जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

तुम्ही सासऱ्यांच्या उठण्याचा उल्लेख केला हे फार बरे झाले, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो. पाठ आडवी पाडायच्या सोफ्यावर माणसे भिंतीला समांतर झोपतात. भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचे झाले, तर बाहेरच्या माणसाला ओलांडावे लागते किंवा पायथ्याकडे सरकत यावे लागते. तरुण पाहुण्यांना त्याचे काही वाटत नाही, पण दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसासाठी ती रोज रात्रीची परीक्षा ठरते. ओढून काढायच्या प्रकारात मात्र डोके सोफ्याच्या पाठीकडे आणि पाय खोलीच्या मध्याकडे येतात, त्यामुळे दोघांनाही आपापल्या बाजूने उतरता येते.

या प्रकाराला जागा मात्र जास्त लागते. उघडल्यावर भिंतीपासून पायथ्यापर्यंत साधारण सात ते साडेसात फूट धरून चाला. खोलीच्या १० फुटांच्या दिशेने तो उघडला आणि समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचे टेबल असले, तर मध्ये जेमतेम अर्धा ते एक फूट उरेल. ११ फुटांच्या दिशेने उघडला, तर दीड-दोन फुटांची वाट मिळेल. दुकानात जाण्यापूर्वी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून उघडलेल्या पलंगाचा आकार मांडा, दार पूर्ण उघडते का ते पाहा आणि त्याच्या कडेने चालून बघा.

झोपण्याच्या पृष्ठभागाची उंचीही मोजून घ्या. बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. बहुतेकांना १७-१८ इंच सोयीचे पडतात. उघडल्यावर अगदी जमिनीलगत येणारी मॉडेल्स कितीही सुंदर असली, तरी तुमच्या घरासाठी मी ती सुचवणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु ओढून काढायच्या प्रकारातील एक दोष नजरेआड करू नये. त्याची गादी दुमडून बैठकीखाली मावावी लागते, म्हणून ती बऱ्याचदा चार-पाच इंचांचीच असते, आणि तिच्याखाली लोखंडी चौकटीचा आडवा दांडा येतो. हा दांडा नेमका कमरेखाली किंवा पाठीखाली आला, की सकाळी अंग आंबून जाते. त्यामुळे दुकानात सोफ्यावर बसून पाहण्याला फारसा अर्थ नाही. तो पूर्ण उघडायला लावा, बूट काढून पाठीवर आणि मग कुशीवर किमान दहा मिनिटे पडून राहा आणि कमरेखाली तळहात सरकवून खाली काही कडक लागते का, ते चाचपून पाहा. गादीच्या काठावर बसा. काठ एकदम खचला, तर उठताना आधार मिळणार नाही. गादीखाली नुसती जाळी किंवा कापडाचे पट्टे असण्यापेक्षा किंचित लवचिक लाकडी पट्ट्या असलेला सांगाडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

फोमच्या बाबतीत विक्रेते घनता आणि कडकपणा यांची गल्लत करतात. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधील वजन. फोम किती काळ आकार टिकवून धरेल याचा अंदाज तिच्यावरून येतो, तो मऊ आहे की कडक याचा नव्हे. ३२ किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम मागा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. सांगाड्यातील बिजागऱ्या कशात बसवल्या आहेत हेही विचारा, कारण वारंवार उघडझाप केल्यावर भुशाच्या दाबीव पाट्यांतील स्क्रू ढिले पडतात, तर चांगल्या प्लायवुडमध्ये किंवा भरीव लाकडात ते घट्ट राहतात.

तिसरा प्रतिसाद

देखणेपणाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. लहान खोलीत सोफ्याचे हात बारीक असलेले उत्तम. एकूण ८४ इंच लांबीच्या सोफ्याचे दोन्ही हात दहा-दहा इंचांचे असतील, तर मध्ये ६४ इंचच उरतात. तेच हात चार-चार इंचांचे असतील, तर ७६ इंच मिळतात, आणि दोघांच्या झोपण्यात बारा इंचांचा फरक फार मोठा असतो.

कृत्रिम चामडे टाळा. घडी पडते तिथे त्याचा वरचा थर कालांतराने तडकतो, आणि त्यावर चादर सरकत राहते ती वेगळीच कटकट. मखमल सुरेख दिसते, पण दुमडण्याच्या जागी तिची लव दबून रेघा उमटतात. घट्ट विणीचे, किंचित खरखरीत पोताचे, मध्यम रंगाचे आणि चेन उघडून धुता येणारे कापड रोजच्या बैठकीलाही शोभते आणि डागही चटकन उठून दिसू देत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आता ओढून काढायचाच प्रकार घेईन. गादी पातळच मिळाली, तर वर दोन इंचांची वेगळी गादी टाकल्याने भागेल का?

दुसरा प्रतिसाद देणारे

हो, त्याने दांडा आणि घडीचा खाचखळगा बऱ्यापैकी झाकला जातो, मात्र मुळातच खचणारी चौकट त्याने सुधारत नाही. ही गादी सोफ्यात घडी करून कोंबू नका. चौकटीवर ताण येतो आणि सोफा नीट मिटत नाही. ती गुंडाळून कपाटात ठेवण्याची जागा आधीच योजा. तिच्यामुळे पलंगाची उंची दोन इंचांनी वाढेल, तेव्हा सासऱ्यांसाठी उंची मोजताना तीही धरा. असे सोफे बरेच जड असतात, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापे घ्या आणि सोफा सुटा करून आणता येतो का, हे लेखी विचारून घ्या.