सेलेरियोच्या मायलेजचा आकडा आणि आपला उन्हाळा

परभणीहून कमी बजेटमधल्या गाडीची विचारणा करणाऱ्या सदस्यांना या चर्चेत मायलेजच्या आधारावर मारुती सुझुकी सेलेरियो सुचवली गेली आहे. निवड मला पटते. मात्र तो आकडा नीट समजून घ्यावा, असे मनापासून वाटते. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या सेलेरियोच्या व्हीएक्सआय ऑटोमॅटिक या प्रकारासाठी सांगितलेले लिटरमागे 26.68 किलोमीटर हे प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेले मायलेज आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत एसीशिवाय गाडीत बसवत नाही, आणि 998 सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनावर तो भार लगेच जाणवतो. चार माणसे व सामान घेऊन बीडजवळच्या मांजरसुंब्याचा घाट चढताना गिअर उतरवावाच लागतो. म्हणून कंपनीच्या आकड्यावर महिन्याचा खर्च बेतू नये.

सीएनजीचा मोह स्वाभाविक आहे, परंतु 313 लिटरच्या डिकीतली बहुतेक जागा टाकीच व्यापते. गावाजवळ पंप नसेल, तर वाचलेले पैसे हेलपाट्यांत जातात. रोजचे अंतर कमी असल्यास साधी पेट्रोल मॅन्युअल गाडीच घ्यावी, आणि जुनी पाहत असाल तर एअरबॅग किती आहेत हे आधी विचारावे, कारण गाळपाच्या हंगामात रात्री दिव्यांविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉल्या आपल्या रस्त्यांवर नेहमीच्याच आहेत.