मदत हवी आहे : पीएचडीचा थिअरी चॅप्टर अडकलाय, सोमवारच्या आत सांगा

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. गाईडनी चॅप्टर परत पाठवला, म्हणायलेत फ्रेमवर्क बसत नाही. मी गील्सचं मल्टी लेव्हल पर्स्पेक्टिव्ह घेतलंय, निश (नवं तंत्र लहानात रुजतं ती जागा), रेजिम (चालू असलेली बसलेली व्यवस्था) आणि लँडस्केप (बाहेरची मोठी परिस्थिती) वालं. माझी केस निश धरायची का रेजिम तेवढंच सांगा, बाकी सगळं झालंय. गूगल कर म्हणू नका, करून झालंय.

सत्तरफूट_रोड
ओ मालक, केस कसली ते तरी सांगा की!

भीमाकाठ
ऊस आणि ठिबक. सस्टेनेबिलिटी ट्रान्झिशन, म्हणजे जुन्या पद्धतीकडून टिकाऊ पद्धतीकडं जाणं.

रिकामटेकडा_मास्तर
कुठला भाग? विहिरीवरचा ऊस का कालव्यावरचा? विषय कोणता, समाजशास्त्र का अर्थशास्त्र? आणि मुलाखती कोणाच्या? नुसत्या शेतकऱ्यांच्या असतील तर रेजिम दिसणारच नाही तुम्हाला.

ऊसवाला_मोहोळ
इनलाईन नळी घ्या. आमच्या बोरचं पाणी जड आहे, ड्रीपरच्या तोंडाला पांढरा थर धरतो न शेवटच्या सरीला पाणीच पोचत नाही, मग ॲसिड सोडत बसा. फिल्टर चांगला बसवा, पैसे वाचवू नका तिथं. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा.

भीमाकाठ
दादा मला ठिबक बसवायचं नाहीये 🙏
समाजशास्त्र. मोहोळ न पंढरपूर तालुका, उजनीच्या कालव्यावरची गावं. शेतकरी, कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी, ऊस तोडीच्या चिठ्ठ्या बघणारे कारखान्याचे स्लिपबॉय, सगळ्यांशी बोललोय. ठिबक नवीन म्हणून निश लिहिलं तर गाईड म्हणतात निम्म्या शिवारात नळ्या पडल्यात, निश कसलं डोंबलाचं.

पाणी_सगळ्यांचं
गील्स सोडा, एलिनॉर ऑस्ट्रॉम घ्या, सामायिक पाणी, जंगल लोक आपणच नियम करून सांभाळू शकतात म्हणणाऱ्या, 2009 चं नोबेल आहे. गील्सच्या 2002 च्या पेपरात शिडाची जहाजं जाऊन वाफेची कशी आली ते आहे, त्या जहाजवाल्याला पाटकऱ्याची वाट बघत बसायचं नव्हतं. आपल्याकडं विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत बघा, जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर पाणी वाटलं आणि ऊस बंद. ट्रान्झिशन म्हणतात ते हे.

रिकामटेकडा_मास्तर
ऑस्ट्रॉम कुठंही चिकटवायची फॅशनच झालीय. साळुंख्यांची नायगावची योजना लोकांनी आपल्या हातानं चालवली, उजनी म्हणजे 117 टीएमसीचं सरकारी धरण, आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सोडायचं ते गावकरी ठरवतात होय?

पाणी_सगळ्यांचं
मग 2005 चा कायदा कशाला केला, पाणी वापर संस्थांचा? घनमापावर, म्हणजे मोजून पाणी घ्या न आपसात वाटा, असंच आहे ना त्यात?

रिकामटेकडा_मास्तर
कायदा आहे हो, किती संस्था खरंच चालतात ते सांगा. असो, भीमाकाठ, माझं मत ऐका. नळी निश का रेजिम हा प्रश्नच बाजूला ठेवा, नळीच्या भोवतीचे नियम बघा. ठिबकला एक दोन दिवसाआड पाणी लागतं, कालव्याचं येतं आवर्तनानं, म्हणजे ज्याच्याकडं विहीर नाहीतर शेततळं त्यालाच ते जमतं. एकट्या शेतकऱ्याची पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र बघून लागते, पाणी वाचवून बिल कितीसं कमी होणार? उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, ज्वारीला कारखाना दारात येत नाही. 2017 ला मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं, पण यातलं जुनं काही हललं का? जुनं तसंच ठेवून वर नवीन रचायचं याला महोनी आणि थेलन लेअरिंग म्हणतात, 2010 चं आहे. वाचलेल्या पाण्यावर कोणी ऊसच वाढवला असेल तर तेही लिहा, लपवू नका.

सत्तरफूट_रोड
तुमचं चालू द्या, पण उजनी भरली तरी आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी नाही त्याच्यावर कोण पीएचडी करणार?

ऊसवाला_मोहोळ
नळाचं पाणी पण आमच्या उसानंच पळवलं म्हणा आता! शहरातल्यांना साखर गोड लागते, ऊस तेवढा कडू.

चादर_टॉवेल
रेफरन्स हातानं टाईप करू नका, झोटेरो वापरा, फुकट आहे.

भीमाकाठ
वाढवलाय हो ऊस, मुलाखतीत तिघाचौघांनी सरळ सांगितलंय, आधी दोन एकर होता तिथं आता चार. मी ते ठिबकच्या यशात धरलं होतं. लेअरिंगवालं वाचतो आज रात्री. मग गील्स काढू का ठेवू? गाईडना दोन फ्रेमवर्क चालत नाहीत.

रिकामटेकडा_मास्तर
ठेवा, पण फक्त रेजिम समजवण्यापुरतं, ऊस, कारखाना, कालवा, एफआरपी मिळून रेजिम. विश्लेषण सगळं लेअरिंगवर. आणि ते तिघंचौघं यशातून काढा पहिलं.

पाणी_सगळ्यांचं
ऑस्ट्रॉम एकदा वाचा तरी.