मदत हवी आहे: कॉफीच्या हात-ग्राइंडरमध्ये मिरी दळली गेली, वास जाईना

नमस्कार मंडळी, टिळकवाडी, बेळगावहून लिहितेय.

आमच्या घरी सगळे चहावाले. कॉफीचं खूळ माझं एकटीचं, भाऊ चिक्कमगळूरहून बिया घेऊन आला तेव्हापासून लागलेलं. आधी मिक्सरवर फिरवायचे. अर्धं पीठ, अर्धी भरड. मग दीड हजाराचा हाताने फिरवायचा ग्राइंडर मागवला, आत सिरॅमिकचं जातं असलेला.

परवा मी माहेरी निपाणीला गेलेले. इकडे पाव्हणे आले, लाइट नाही, मिक्सर बंद. आत्तींनी त्यात मिरी दळून घेतली. त्यांना तरी काय बोलणार, दिसायला ते मिरीच्या चक्कीसारखंच आहे. खरं आता कॉफी काढ्यासारखी लागतेय. धुतलं तर चालेल का? नवरा म्हणतो मूठभर तांदूळ दळ, वास ओढून घेईल.

आणि एक जुनंच दुखणं. पितळी फिल्टरमध्ये कधी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतच नाही, तर कधी पाच मिनिटांत पाणचट खाली येतं. शेजारच्या कन्नड अक्का म्हणतात कॉफीत चिकोरी घाल, ती भाजलेल्या मुळांची पूड. मला ती नको आहे. कितपत बारीक दळू? की नवीनच घेऊ?

खानापूरकर: तांदूळ अजिबात नको. भाजलेली बी ठिसूळ असते, कच्चा तांदूळ कडक. सिरॅमिकचा दात उडाला तर परत बसत नाही, शिवाय पिठूळ थर आत राहतो तो वेगळाच.

सिरॅमिक पाण्याला घाबरत नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम नंतर आठवत नाही. लोखंडी दांडा भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा. वास खरा धरून ठेवतं ते प्लास्टिक. ते भाग रात्रभर खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवा. मग वाळवणं. आपल्याकडच्या पावसात एक दिवस पुरत नाही, पंख्याखाली दोन दिवस राहू द्या. शेवटी वीसेक ग्रॅम जुन्या बिया दळून फेकून द्या.

चिकोडीचा कॉफीवाला: मिरीचं वर आलंच, मी फिल्टरचं सांगतो. अक्का अगदीच चुकीचं सांगत नाहीत. चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून डिकॉक्शन सावकाश आणि दाट उतरतं. तुम्ही नुसती कॉफी वापरता, तर थोडं जास्त बारीक दळावं लागणार. बारीक मिठासारखं, मैद्यासारखं नव्हे. फिल्टरमध्ये पुडीवर ठेवायची चकती अलगद ठेवा, दाबली की फिल्टर तुंबलाच.

जाड-बारीक करायची चकती किती क्लिक फिरवायची, ते दुसऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, प्रत्येक ग्राइंडरचं वेगळं असतं. रिकामं असताना पाती एकमेकांना टेकेपर्यंत आवळा, तो तुमचा शून्य. तिथून सैल करत मोजा आणि जमलेला आकडा डब्यावर लिहून ठेवा.

एक सांगा, दांडा आत हलतो का?

धागाकर्ती: हो, खडखडतो. आवळलं तरी.

चिकोडीचा कॉफीवाला: मग दोन्ही दुखणी तिथलीच. स्वस्तातल्या ग्राइंडरमध्ये दांड्याला एकाच ठिकाणी आधार असतो. जात्याची मधली खील हलायला लागली की पीठ कसं पडतं, तसंच हे. खडे पण आणि धूळ पण. धूळ फिल्टर तुंबवते, खड्यांमधून पाणी नुसतंच निघून जातं. नवीन घ्यायचा तर स्टीलची पाती आणि दांड्याला वर-खाली दोन बेअरिंग, एवढं बघा. फिल्टरपुरतं याहून भारी लागत नाही, एस्प्रेसोसाठीच्या बारीकसारीक सेटिंगचे पैसे उगीच घालू नका. मात्र स्टील धुवायचं नाही, गंज धरतं. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडायचं. घेईपर्यंत आहे त्यातली पूड चहाच्या गाळणीतून हलवून घ्या, खडे तरी वर राहतील.

धागाकर्ती: सगळं केलं. आज चौथा कप, मिरी गेली. झाकणाला नाकाशी धरलं तर अजून किंचित येते, ते पुन्हा सोड्यात टाकलंय. गाळणीनेही फरक पडला, काल पहिल्यांदा डिकॉक्शन थेंबथेंब उतरलं. स्टीलचा दसऱ्याला बघू.

खानापूरकर, फोटो काढायला विसरले. एक पांढरा वॉशर उरलाय. तो स्प्रिंगच्या वर येतो की खाली?