खोली स्वस्त, पण धावपट्टीपासून किती लांब?

पायलट व्हायला फ्लाइंग स्कूलमध्ये जाताय आणि तिथलं हॉस्टेल महाग पडतंय म्हणून शहरात खोली घ्यायचा विचार करताय, पण आधी पहाटेचा हिशोब करा. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा उसळायला लागते, म्हणून नवशिक्यांची उड्डाणं बहुतेक सकाळी लवकर लावतात. त्या वेळी बस नसते. रोजच्या टॅक्सीत भाड्यातली बचत कधी संपते ते कळतही नाही. मी असाच लांब राहिलो होतो. काळोखात निघून पोहोचायचं आणि फळ्यावर नावापुढे ‘रद्द’ लिहिलेलं, कारण धुकं! जवळ राहणारे परत जाऊन तासभर झोपायचे, मी बाकावर बसून राहायचो.

दुसरं म्हणजे, कोर्स सांगितलेल्या मुदतीत संपेलच असं धरू नका. पाऊस असतो, शिवाय दर 100 तासांच्या उड्डाणानंतर विमान तपासणीला जातं. त्यामुळे करार महिन्यागणिक वाढवता येईल असाच करा. वर्षाचं भाडं आगाऊ तर अजिबात देऊ नका.

आपल्याच बॅचच्या दोघा-तिघांनी एअरफील्डजवळ घर घेतलं तर सगळ्यात परवडतं. फक्त झोपेच्या वेळा आधीच ठरवून घ्या. अर्धवट झोपेत कॉकपिटमध्ये बसणं खरंच धोक्याचं आहे.